आनुवंशिकतेला गणिताची भाषा देणारे जे. बी. एस. हाल्डेन

मनुष्याच्या एखाद्या जनुकात नवा बदल किती वेळा घडतो, या प्रश्नाचे आकड्यांतील पहिले उत्तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३५ साली दिले. त्या वेळी डीएनएची रचना कोणालाही ठाऊक नव्हती आणि जनुकातील बदल थेट पाहू शकेल असे एकही साधन उपलब्ध नव्हते. आजारी मुलांच्या कुटुंबांच्या नोंदी आणि साधे गणित एवढ्याच सामग्रीवर त्यांनी हे उत्तर शोधले. आनुवंशिकतेचे नियम गणिताच्या पायावर उभे करणाऱ्या या शास्त्रज्ञाने आयुष्याची अखेरची सात वर्षे भारतात घालवली आणि भारताचा नागरिक म्हणूनच जगाचा निरोप घेतला.

वडिलांची प्रयोगशाळा आणि मेंडेलचे वाटाणे

जॉन बर्डन सँडर्सन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. त्यांचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचा अभ्यास करणारे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. कोळशाच्या खाणींतील विषारी वायूंची तपासणी ते स्वतःच्या शरीरावर करीत आणि लहानग्या मुलालाही बरोबर नेत. शास्त्रीय विधान करायचे तर त्याची किंमत आधी स्वतः मोजावी, हा धडा हाल्डेन यांना घरातच मिळाला.

१९०१ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षाच्या आसपास, वडील त्यांना एका व्याख्यानाला घेऊन गेले. विषय होता ग्रेगोर मेंडेल यांचे नियम. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठात राहणाऱ्या या धर्मोपदेशकाने वाटाण्याच्या रोपांवर केलेले प्रयोग १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मात्र जवळजवळ चौतीस वर्षे त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९०० मध्ये युरोपातील तीन शास्त्रज्ञांनी ते पुन्हा उजेडात आणले.

मेंडेल यांनी गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. त्यांच्या पुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. म्हणजे प्रमाण जवळजवळ तिनास एक. याचा अर्थ असा की प्रत्येक गुणासाठी सजीवाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकाच जनुकाची जी वेगवेगळी रूपे आढळतात त्यांना ॲलील म्हणतात. दोन प्रतींत भिन्न ॲलील असल्यास प्रभावी रूप प्रकट होते आणि अप्रभावी रूप दडून राहते. परंतु दडलेले रूप नष्ट होत नाही, किंवा दुधात पाणी मिसळावे तसे दुसऱ्यात मिसळूनही जात नाही. पुढील पिढीत दोन्ही प्रती अप्रभावी आल्या की ते पुन्हा जसेच्या तसे दिसू लागते. सुरकुतलेला दाणा एका पिढीत नाहीसा होऊन पुढच्या पिढीत परत आला, त्याचे रहस्य हेच होते.

उंदरांच्या पिंजऱ्यातून रणांगणावर

पुढे लेखिका म्हणून प्रसिद्ध झालेली धाकटी बहीण नेओमी हिने घरी गिनीपिग पाळले होते. बहीणभावाने या प्राण्यांवर आणि नंतर उंदरांवर आनुवंशिकतेचे प्रयोग सुरू केले. दोन जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असली तर ती बहुधा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. या गुणधर्माला सहलग्नता म्हणतात. उंदरांच्या रंगाशी संबंधित दोन जनुकांमध्ये अशी सहलग्नता असल्याचे हाल्डेन, नेओमी आणि त्यांचे सहकारी ए. डी. स्प्रंट यांनी दाखवून दिले. सस्तन प्राण्यांतील सहलग्नतेचा हा पहिला पुरावा होता. १९१५ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा पहिले महायुद्ध पेटले होते. हाल्डेन आघाडीवर लढत होते आणि स्प्रंट युद्धात मारले गेले होते.

फ्रान्स आणि इराकच्या रणभूमीवर हाल्डेन जखमी झाले. इराकमधील जखमेनंतर उपचारांसाठी त्यांना भारतात आणण्यात आले. या देशाशी त्यांचा पहिला परिचय असा झाला.

विशेष म्हणजे हाल्डेन यांच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी गणित आणि ग्रीक-लॅटिन अभिजात विद्यांचे शिक्षण घेतले होते. तरीही युद्धानंतर त्यांनी आधी ऑक्सफर्ड आणि मग केंब्रिज येथे शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्राचे अध्यापन केले. विकरांच्या अभिक्रियांचा वेग मांडणारे १९२५ मधील समीकरण आजही त्यांच्या नावाने शिकवले जाते.

काळ्या पतंगांचा हिशेब

१९२४ पासून हाल्डेन यांनी नैसर्गिक निवडीच्या गणितावर शोधनिबंधांची मालिका लिहिली. पहिल्याच निबंधात त्यांनी इंग्लंडमधील ठिपकेदार पतंगाचे उदाहरण घेतले. फिकट रंगाच्या या पतंगाचे काळे रूप मँचेस्टर येथे १८४८ मध्ये नोंदवले गेले होते. कारखान्यांच्या धुराने झाडांची खोडे काळवंडली आणि शतक संपेपर्यंत त्या परिसरातील जवळजवळ सर्व पतंग काळे झाले. वर्षाला एक पिढी धरली तर हा बदल पन्नासेक पिढ्यांत घडला होता. इतक्या वेगासाठी काळ्या पतंगांची संतती फिकट पतंगांच्या सुमारे दीडपट टिकली पाहिजे, असे हाल्डेन यांच्या गणितातून निघाले. निसर्गाची निवड इतकी तीव्र असू शकेल, यावर तेव्हा फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९५० च्या दशकात बर्नार्ड केटलवेल यांनी जंगलात केलेल्या प्रयोगांतून या तीव्र निवडीला दुजोरा मिळाला.

मुळात हा काळा रंग आला कोठून, याचे उत्तर २०१६ मध्ये मिळाले. पतंगाच्या एका जनुकात डीएनएचा सुमारे २२ हजार अक्षरांचा तुकडा येऊन बसला होता. जनुकाच्या मजकुरात अचानक होणाऱ्या अशा बदलालाच उत्परिवर्तन म्हणतात. जुन्या ॲलीलपासून नवे ॲलील तयार होते ते याच मार्गाने. उत्परिवर्तन सजीवाची गरज पाहून घडत नाही. तो अपघात असतो. तो टिकतो की लोपतो हे परिस्थिती ठरवते.

रोनाल्ड फिशर आणि सिवॉल राइट यांच्यासह हाल्डेन यांनी डार्विन यांची नैसर्गिक निवड आणि मेंडेल यांचे नियम यांची सांगड घातली. १९३२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

दोष कोणाचाच नाही

हिमोफिलियावरील त्यांचे संशोधन याच काळातील आहे. या आजारात रक्त गोठत नाही आणि लहानशी जखमही जिवावर बेतू शकते. त्यास कारणीभूत असलेले जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यामुळे एका प्रतीत दोष असला तरी दुसरी प्रत बहुधा काम भागवते आणि ती स्त्री केवळ वाहक ठरते. पुरुषाकडे एकच एक्स असल्याने सदोष प्रत मिळालेला मुलगा आजारी पडतो. वाहक मातेच्या प्रत्येक मुलाला हा धोका निम्मा असतो.

हाल्डेन यांनी येथे एक सरळ प्रश्न विचारला. समाजातील एकूण एक्स गुणसूत्रांपैकी एकतृतीयांश पुरुषांकडे असतात. त्या काळी हिमोफिलियाचे बहुतेक रुग्ण बाप होण्याआधीच दगावत. म्हणजेच प्रत्येक पिढीत सदोष ॲलीलपैकी जवळपास एकतृतीयांश नष्ट होत होते. असे असेल तर काही पिढ्यांतच हा आजार नामशेष व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो कायम होता. तेव्हा जेवढी हानी होते तेवढीच भर नव्या उत्परिवर्तनांतून पडत असली पाहिजे. रुग्णांची संख्या ठाऊक असल्याने हा वेगही काढता आला. एका पिढीत सुमारे ५० हजार एक्स गुणसूत्रांमागे एकदा असा नवा बदल घडतो, असे उत्तर आले. पुढील संशोधनाने या अंदाजाचा आवाका योग्य ठरवला.

या आकड्याला मानवी बाजूही होती. कुळात कधीच नसलेला आजार मुलाला झाला की ठपका आईवर आणि तिच्या माहेरावर ठेवला जाई. हाल्डेन यांच्या हिशेबानुसार पुष्कळशा रुग्णांत हा आजार वारशाने आलेलाच नसतो. ताज्या उत्परिवर्तनातून तो नव्याने उद्भवतो. आजही सुमारे तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात आजाराचा पूर्वेतिहास सापडत नाही. १९४७ मध्ये हाल्डेन यांनी आणखी एक निष्कर्ष मांडला: असे बदल स्त्रीबीजापेक्षा शुक्रपेशींमध्ये अधिक वेळा घडतात. पिता आपले एक्स गुणसूत्र फक्त मुलीला देतो. ती वाहक होते आणि आजार नातवात प्रकटतो. प्रत्येक नवजात मुलात सरासरी ६० ते ७० नवी उत्परिवर्तने असतात आणि त्यांतील बहुतेक पित्याकडून येतात, हे आता जनुकवाचनाच्या तंत्राने स्पष्ट झाले आहे. त्यांतील बहुतांश निरुपद्रवी असतात.

१९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हाल्डेन यांनी नवी दिशा दाखवली. भूमध्य सागराच्या परिसरात थॅलेसेमिया एवढा का पसरला, याचा उलगडा केवळ उत्परिवर्तनाने होत नव्हता. दोन्ही प्रती सदोष असतील तर मूल गंभीर आजारी पडते. पण एकच सदोष प्रत असलेल्या व्यक्तीला मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, असे त्यांनी सुचवले. पाच वर्षांनी अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत असाच संबंध दाखवला. गडचिरोली, नंदुरबारसह मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल का टिकून राहिला, हे समजण्याची किल्लीही हीच आहे. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

निष्ठेची कसोटी

हाल्डेन यांचे आयुष्य निष्कलंक नव्हते. फॅसिझमच्या विरोधातून ते डावीकडे वळले आणि १९४२ मध्ये ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. त्याच सुमारास सोव्हिएत संघात त्रोफिम लायसेंको यांचा प्रभाव वाढत होता. परिस्थितीने घडवलेले गुण वारशाने उतरतात, असे सांगून लायसेंको मेंडेल यांचे नियमच नाकारीत होते. हाल्डेन यांना १९२८ मध्ये रशियाभेटीचे निमंत्रण देणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. १९४८ मध्ये सोव्हिएत संघात मेंडेलप्रणीत आनुवंशिकीवर बंदीच आली.

ज्या नियमांवर हाल्डेन यांचे सारे संशोधन उभे होते, तेच नियम एका सत्तेने गुन्हा ठरवले होते. तरीही हाल्डेन यांनी लायसेंको यांचा उघड निषेध केला नाही; उलट त्यांच्या काही दाव्यांची बाजू सावरून घेण्याचा प्रयत्न केला. कोणताही आकडा तपासल्याशिवाय न स्वीकारणारा शास्त्रज्ञ येथे पक्षनिष्ठेपुढे कमी पडला. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले; पण या काळातील त्यांच्या भूमिकेवर टीका होत राहिली.

भारतातील सात वर्षे

सुएझ प्रकरणात ब्रिटनने १९५६ मध्ये इजिप्तवर केलेल्या हल्ल्याचा निषेध म्हणून देश सोडत असल्याचे जाहीर करून हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते पत्नी आणि जीवशास्त्रज्ञ हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. त्यांनी भारतीय पोशाख आणि शाकाहार स्वीकारला आणि काही वर्षांतच भारताचे नागरिकत्व घेतले.

महागड्या यंत्रांवाचूनही उत्तम जीवशास्त्र करता येते, हा आग्रह त्यांनी येथील तरुण संशोधकांपुढे धरला. फुलांच्या पाकळ्या मोजणे, नारळाच्या झाडाची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे याची नोंद ठेवणे, अशा कामांतून त्यांनी प्रश्न उभे केले. त्यांचे शिष्य कृष्णा द्रोणमराजू यांनी आंध्रातील नात्यांतर्गत विवाहांचा अभ्यास केला. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा आहे. आंध्रात मामा-भाचीचे विवाहही होत. पतिपत्नीचे पूर्वज समान असतील तर त्या पूर्वजाकडील एकच दडलेले ॲलील दोन्ही बाजूंनी मुलाकडे येऊ शकते. कोणत्याही एका जनुकाच्या बाबतीत ही शक्यता मामे-आते भावंडांच्या मुलांत सोळात एक, तर मामा-भाचीच्या मुलांत आठात एक असते.

सांख्यिकी संस्थेतील प्रशासनाशी मतभेद झाल्याने हाल्डेन यांनी १९६१ मध्ये ती सोडली. पुढच्या वर्षी, बिजू पटनायक मुख्यमंत्री असताना, ओडिशा सरकारच्या सहकार्याने त्यांनी भुवनेश्वर येथे आनुवंशिकी व जीवमितीची प्रयोगशाळा उभारली. तेथे सुरेश जयकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले १९६३ मधील शोधनिबंध आजही संदर्भासाठी वापरले जातात. कर्करोगाचे निदान झाल्यानंतर त्यांनी आपल्या आजारावर विनोदी कविता लिहिली; लोकांनी लक्षणे लपवू नयेत आणि वेळीच डॉक्टरकडे जावे, हा तिचा उद्देश होता.

१ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे हाल्डेन यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी काकीनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. त्यांनी इंग्लंडहून सोबत आणलेले आनुवंशिकीचे नियतकालिक काही काळाच्या खंडानंतर १९८५ पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी प्रसिद्ध करीत आहे. हिमोफिलिया, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या कुटुंबांना पुढील अपत्याविषयी सल्ला देताना डॉक्टर आज जे गणित मांडतात, त्याचा पाया घालणाऱ्यांमध्ये हाल्डेन अग्रभागी होते.