दोन रुमाल, थोडी रिबीन आणि एक पेटंट : न्यूयॉर्कच्या पोरीने घरीच शिवलेल्या ब्राची गोष्ट

घरी शिवलेल्या एखाद्या वस्तूचं पेटंट निघतं, पुढे त्यावर एक कंपनी बक्कळ कमावते आणि जिने ती वस्तू शिवली तिच्या हातात येतात फक्त 1,500 डॉलर. ही गोष्ट आहे मेरी फेल्प्स जेकबची. जग तिला पुढे कॅरेस क्रॉस्बी या नावाने ओळखू लागलं.

मेरीचा जन्म 1890 च्या दशकाच्या सुरुवातीचा, न्यूयॉर्कच्या एका बड्या घरातला. घरचे तिला पॉली म्हणायचे. त्या काळी अशा घरातल्या मुली वयात आल्या की त्यांना थाटात पार्ट्यांना नेलं जायचं. पार्टी म्हटली की भारी गाऊन आणि गाऊन म्हटला की आत कॉर्सेट आलाच.

कॉर्सेट म्हणजे छातीपासून कंबरेखालपर्यंत आवळून बांधायचं जाड कापड. त्यात देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या नाहीतर पोलादी पट्ट्या घातलेल्या असायच्या. ते घालून धड वाकता यायचं नाही की पोटभर श्वास घेता यायचा नाही.

तर झालं असं की...

एका पार्टीसाठी पॉलीने तलम कापडाचा गाऊन निवडला. घालून बघते तर आतल्या कॉर्सेटच्या पट्ट्या वरून दिसतायत. पैशांची चणचण नव्हती, पण तिला हवं तसं काही दुकानात मिळतच नव्हतं. मग तिने घरात काम करणाऱ्या मेरी नावाच्या बाईला हाक मारली आणि दोन रेशमी रुमाल, गुलाबी रिबीन आणि सुईदोरा मागवला. रुमाल एकमेकांना जोडले, रिबिनीचे बंद लावले आणि काम फत्ते.

त्या रात्री पॉली बिनधास्त नाचली. मैत्रिणींनी विचारलं, हिला एवढं मोकळं कसं नाचता येतंय? गुपित कळल्यावर त्यांनीही तसंच शिवून मागितलं. पुढे एका अनोळखी व्यक्तीनेही एक डॉलर देऊ करत मागणी केली, तेव्हा यात धंदा आहे हे तिच्या लक्षात आलं.

त्यात विशेष काय होतं?

फेब्रुवारी 1914 मध्ये तिने पेटंटसाठी अर्ज केला आणि 3 नोव्हेंबर 1914 ला ते मंजूर झालं. छातीला आधार देणारे कपडे त्याआधीही होते. फ्रान्सच्या हर्मिनी कादोलने 1889 च्या सुमारास कॉर्सेटचे दोन भाग केले होते. त्यामुळे ब्राचा शोध पॉलीनेच लावला असं म्हणणं बरोबर नाही.

तिची कल्पना वेगळी होती ती मापाच्या बाबतीत. तिच्या ब्रामध्ये एकही पट्टी नव्हती आणि पाठ उघडी होती. खालचे बंद पाठीमागून फिरवून पुढे आणायचे आणि कंबरेपाशी बांधायचे. जाड असो वा बारीक, जिने तिने आपल्या अंगाप्रमाणे बंद ओढून घ्यायचे. टेनिस खेळतानाही हे घालता येईल, असा दावा तिने पेटंटमध्ये केला होता. उणीव एकच, त्यात कप नव्हते, त्यामुळे छाती सपाट दिसायची.

आणखी एक गोष्ट. रुमाल शिवताना हात दोघींचे होते, पेटंटवर नाव मात्र एकीचंच लागलं.

मग पैसा कुठे गेला?

1915 मध्ये तिने रिचर्ड पीबॉडीशी लग्न केलं. त्यांना दोन मुलं झाली, पण नवऱ्याच्या दारूपायी संसार मोडला. पुढे तिने बोस्टनमध्ये छोटा कारखाना काढून काहीशे ब्रा बनवल्या. 1922 मध्ये तिने श्रीमंत घरातल्या हॅरी क्रॉस्बीशी दुसरं लग्न केलं. त्याला या धंद्यात रस नव्हता. शेवटी वॉर्नर ब्रदर्स या कॉर्सेट कंपनीला पेटंट 1,500 डॉलरला विकलं गेलं. कंपनीने पुढच्या काळात त्यातून कित्येक पटींनी कमावलं, असं सांगितलं जातं.

पॉली मात्र तिथे थांबली नाही. पॅरिसला जाऊन तिने कॅरेस हे नाव घेतलं आणि हॅरीसोबत ब्लॅक सन प्रेस ही प्रकाशन संस्था काढली. जेम्स जॉइस, डी. एच. लॉरेन्स, हार्ट क्रेन यांची पुस्तकं तिथून निघाली. डिसेंबर 1929 मध्ये हॅरीने आत्महत्या केली, त्यानंतर तिने एकटीने प्रेस चालवली. पुढे ती युद्धविरोधी चळवळीत उतरली. 1953 मध्ये तिचं आत्मचरित्र आलं आणि जानेवारी 1970 मध्ये रोममध्ये तिचं निधन झालं.

तिच्या पेटंटमधलं चित्र आजही बघायला मिळतं. त्यात दिसतात ते कापडाचे दोन तुकडे आणि काही बंद. थोडंफार शिवण येणाऱ्या कुणालाही ते बघून आपल्या मापाची ब्रा घरी शिवता येईल.