विल्यम केरी यांचा दुःखकाल

जोडे शिवतां शिवतां भाषा शिकून ज्यांनीं पुढें अनेक हिंदी भाषांत पवित्र शास्त्र छापविलें, त्या विल्यम केरी यांची गोष्ट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं शब्बाथशाळेंत ऐकिली असेल. चांभाराचें दुकान, भिंतीवरील जगाचा नकाशा, समुद्रप्रवास, श्रीरामपूरचा छापखाना, असा त्या गोष्टीचा क्रम ठरून गेला आहे. त्यांतून बारा वर्षांचा एक भाग मात्र बहुधा गाळला जातो. थोर पुरुषाच्या घरांतील वेड ही मुलांपुढें बोलण्याची गोष्ट नव्हे, असें सांगणारांस वाटत असावें. मला तो भाग गाळणें योग्य वाटत नाहीं. कारण केरींचा विश्वास कशावर उभा होता हें तेथेंच दिसतें.

केरी यांचा जन्म इंग्लंडांतील पॉलर्सपरी या खेड्यांत १७ ऑगस्ट १७६१ रोजीं झाला. वडील विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे पंतोजी झाले. १७८१ सालीं केरींचा विवाह डॉरथी प्लॅकेट हिच्याशीं झाला. ती त्यांच्याहून वयानें वडील होती व तिला अक्षरओळख नव्हती. विवाहाच्या नोंदींत सहीच्या जागीं तिची खूण आहे. दारिद्र्य पाचवीला पुजलेलें. पहिली मुलगी लहानपणींच तापानें गेली. पुढें आणखी एक गेली.

२ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग येथें मिशनरी मंडळी स्थापन झाली आणि केरींनीं हिंदुस्थानांत जाण्याचें पत्करिलें. डॉरथीबाईंनीं येण्याचें साफ नाकारिलें. त्या वेळीं त्या गरोदर होत्या. आपल्या परगण्याबाहेरचें जग त्यांनीं पाहिलें नव्हतें. कांहीं चरित्रकारांनीं या नकाराबद्दल त्यांना दोष दिला आहे. मला तो न्याय वाटत नाहीं. जहाज कांहीं कारणानें लांबलें, तेवढ्यांत मूल झालें, आणि पुन्हां आग्रह होतांच, बहीण कॅथरीन सोबत येईल तर येतें, एवढ्या अटीवर त्या बिचाऱ्या निघाल्या. १३ जून १७९३ रोजीं जहाज सुटलें, तेव्हां तें तान्हें मूल महिन्यादीड महिन्याचें होतें.

नोव्हेंबरांत कलकत्त्यास उतरल्यावर सोबतचा पैसा लवकरच संपला. परक्या मुलखांत राहावयास धड जागा नाहीं, घरांत हगवणीचा आजार, नवरा भाषा शिकण्यांत गढलेला. मग सुंदरबनांत जंगल तोडून घर बांधण्याचा प्रयत्न झाला. तेथें वाघांचें भय. १७९४ सालीं माल्दा भागांत मदनावती येथें निळीच्या कारखान्यावर केरींस काम मिळालें आणि पोटाची चिंता मिटली. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत पांच वर्षांचा पीटर हगवणीनें वारला. जात जाईल या भीतीनें खड्डा खणावयास व पेटी उचलावयास माणसें मिळेनात. केरी स्वतः तापानें अंथरुणास खिळलेले होते. मुलाला मूठमाती द्यावयास माणसें शोधीत बसण्याची पाळी ज्या आईबापांवर आली, त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल!

डॉरथीबाईंचें मन त्यानंतर सांवरलें नाहीं. १७९५ पासून, नवरा आपणांस फसवितो, असा भ्रम त्यांच्या मनानें घेतला. त्या केरींच्या पाठोपाठ जाऊन चारचौघांत त्यांना शिव्याशाप देत. एकदोनदां त्यांच्या जिवावरही उठल्या. ह्या सर्वांच्या मुळाशीं आजार आहे हें केरी जाणत होते. वेड्यांच्या इस्पितळांत धाडण्याचा सल्ला मिळाला असतांही त्यांनीं पत्नीला घरींच ठेविलें. कधीं कधीं मात्र खोलीला कडी घालावी लागे.

अशा दिवसांत केरींना बळ कोठून मिळालें? त्यांची त्या काळची रोजनिशी वाचणाऱ्यास वाटतें कीं तेथें विजयाचीं गीतें असतील. तशीं फार थोडीं आहेत. मन कोरडें झालें आहे, प्रार्थनेंत लक्ष लागत नाहीं, जवळ बोलावयास एकही मित्र नाहीं, अशी कबुली तींत पुन्हां पुन्हां येते. स्वदेशाहून पत्र येण्यास जवळ जवळ दीड वर्ष लागलें. तरी ते एकांतांत प्रार्थनेस जात, शास्त्र वाचीत, आणि मग भाषांतरास बसत. देवापुढें जाण्यास मन प्रसन्न असावें लागतें असें त्यांनीं मानिलें नाहीं. रिकाम्या मनानेंच ते गेले.

१८०० सालीं ते श्रीरामपुरास आले. त्या वर्षाच्या २८ डिसेंबरास कृष्ण पाल याचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षें ज्याची वाट पाहिली तो दिवस! केरी आपला मुलगा फेलिक्स व कृष्ण पाल यांना घेऊन नदीकडे निघाले, तेव्हां एका बाजूच्या खोलींत सोबती डॉ. थॉमस वेडाच्या भरांत ओरडत होते, आणि दुसऱ्या बाजूच्या घरांत डॉरथीबाई. आनंद व दुःख एकाच अंगणांत होतीं. बाप्तिस्मा झाला.

पुढें फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली व संस्कृत शिकवितां शिकवितां मराठीही त्यांच्याकडे आली. पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें त्यांनीं मराठीचें व्याकरण सिद्ध केलें व तें १८०५ सालीं छापलें. व्याकरणाचा तास म्हटला कीं ज्यांच्या कपाळास आठ्या पडतात त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, इंग्रजींत लिहिलेलें तें मराठी व्याकरण तयार होत होतें तेव्हां लिहिणाराची पत्नी त्याच घरांत वेडाच्या यातना भोगीत होती. ८ डिसेंबर १८०७ रोजीं त्या यातना संपल्या. मराठी कोश १८१० सालीं व मराठी नवा करार १८११ सालीं बाहेर पडला. केरींचें नांव त्या पुस्तकांशीं जोडलेलें आहे. डॉरथीबाईंचें कोठेंच नाहीं. पण त्या पुस्तकांची किंमत त्यांनींही भरली, आणि ती त्यांना न विचारतां घेतली गेली, हेंही खरें.

११ मार्च १८१२ च्या रात्रीं छापखान्यास आग लागून कित्येक वर्षांचीं हस्तलिखितें व टाईप जळाले. केरी कलकत्त्यास होते; परत येऊन त्यांनीं राख पाहिली, आणि थोड्याच दिवसांत वितळलेल्या धातूचे नवे टाईप ओतण्यास आरंभ झाला. एवढी मोठी हानि त्यांनीं इतक्या शांतपणें सोसली याचें लोकांस आश्चर्य वाटलें. मदनावतीचीं वर्षें ज्यांस ठाऊक होतीं त्यांस वाटलें नसावें.

९ जून १८३४ रोजीं श्रीरामपूर येथें त्यांचें देहावसान झालें. थडग्यावर नांव, जन्ममृत्यूच्या तारखा व एका जुन्या ख्रिस्ती गीतांतील दोन ओळी, याहून अधिक कांहीं कोरूं नये, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें. त्या ओळींत एक दीन व असहाय प्राणी देवाच्या हातांवर आपला भार टाकतो.