हॉकीचे व्यूहकार : कुंवर दिग्विजयसिंह 'बाबू'

लखनौच्या मेट्रो रेल्वेत के. डी. सिंग बाबू स्टेडियम हे स्थानक दिवसातून अनेकदा पुकारले जाते. परंतु हे बाबू कोण, हे आपल्या मराठी घरांतील तरुण पिढीस क्वचितच ठाऊक असते. चाकरीच्या निमित्ताने आम्ही या नगरीचे झालो, तेव्हा तिच्या या सुपुत्राचा परिचय येथे करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कुंवर दिग्विजयसिंह यांचा जन्म २ फेब्रुवारी १९२२ रोजी लखनौनजीकच्या बाराबंकी येथे झाला. तेथील देवा शरीफच्या जत्रेत भरणाऱ्या सामन्यांतून त्यांच्या हॉकीस आरंभ झाला. पुढे ते भारतीय संघात 'इनसाइड राइट' या जागी खेळू लागले. या जागेचे मर्म जाणल्यावाचून बाबूंची थोरवी ध्यानी यावयाची नाही.

त्या काळची हॉकीची मांडणी फुटबॉलपासून घेतलेली होती. गोलरक्षकापुढे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ-बॅक आणि अग्रभागी पाच फॉरवर्ड. फुटबॉलमध्ये १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला आणि आघाडीचे गडी मागे घेण्याची रीत रूढ झाली. हॉकीने मात्र जुना व्यूह पुढेही कित्येक वर्षे जतन केला. या पाचांपैकी दोन इनसाइड फॉरवर्डांवर दुहेरी भार असे. मागे येऊन हाफ-बॅककडून चेंडू घ्यावयाचा, प्रतिस्पर्ध्यांना आपल्याकडे ओढावयाचे आणि मोकळ्या झालेल्या सहकाऱ्यास तो नेमक्या क्षणी द्यावयाचा. गोल दुसऱ्याच्या नावावर लागे. पराक्रमाचा हा प्रकार टाळ्यांस फारसा पात्र ठरत नाही, आणि म्हणूनच आम्हांस तो अधिक आदरणीय वाटतो. चेंडू काठीशी खिळवून ठेवण्यात बाबू निष्णात होते. परंतु तो केव्हा सोडावा, हे जाणण्यात त्यांचे खरे कौशल्य होते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते उपकर्णधार होते. १२ ऑगस्ट रोजी वेंब्ली येथे भारताने ब्रिटनचा ४-० असा पराभव केला. स्वातंत्र्यास तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते! चार वर्षांनी हेलसिंकीस संघाचे नेतृत्व बाबूंकडे आले. २४ जुलै १९५२ रोजी अंतिम सामन्यात हॉलंडवर ६-१ असा विजय मिळाला. त्यांतील पाच गोल बलबीरसिंग यांचे आणि एक खुद्द कर्णधाराचा. आदल्याच दिवशी, त्याच नगरीत, आपल्या कऱ्हाडकडच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक पदक दिले होते. अवध आणि महाराष्ट्र यांचा असा संगम विरळाच. त्याच ऑलिंपिकमध्ये आपला फुटबॉल संघ मात्र युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला होता.

बाबूंस हेल्म्स करंडकाचा बहुमान लाभला आणि १९५८ साली ते 'पद्मश्री' झाले.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते संघाचे प्रशिक्षक होते. भारतास कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. १९२८ पासून भारत वा पाकिस्तान यांच्याकडेच राहिलेले सुवर्णपदक प्रथमच पश्चिम जर्मनीने नेले. पाच आघाडीपटूंचा जुना डौल ओसरू लागला होता. ज्या व्यूहात त्यांनी यश मिळविले, त्याचा अस्तकाळ त्यांस प्रशिक्षक म्हणून पाहावा लागला, हे क्लेशकारक खरेच.

तथापि बाबू हताश होऊन बसले नाहीत. होतकरू मुलांना राहण्याखाण्याची सोय व शिस्तबद्ध शिक्षण मिळावे म्हणून उत्तर प्रदेशातील क्रीडा वसतिगृहांच्या योजनेस त्यांनी चालना दिली. २७ मार्च १९७८ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी मॉस्को येथे भारताने हॉकीचे सुवर्णपदक पुन्हा जिंकले. त्या संघातील वाराणसीचा मोहम्मद शाहिद लखनौच्या क्रीडा वसतिगृहातच घडला होता.