नाटककार कै. गोविंद बल्लाळ देवल

नाटक संपलें, दिवे मालवले, म्हणजे मागें काय उरतें? एखादें हस्तपत्रक, फाटक्या तिकिटाचा तुकडा, पदांचें पुस्तक, आणि कर्त्यानें कोणास लिहिलेलीं दोनचार पत्रें. नाटककाराचें चरित्र पुष्कळदां अशाच चिठोऱ्यांतून जुळवावें लागतें. आर्थर मर्फी हा आयर्लंडांतील नाटककार १८०५ सालीं वारला. त्याचे कागद जेसी फूट नामक स्नेह्याच्या हातीं आले, व त्यांच्या आधारें त्यानें १८११ सालीं मर्फीचें चरित्र छापलें. हा मर्फी आमच्या वाचकांस परका वाटेल. परंतु त्याच्याच एका नाटकास मराठी माणसें शंभरांहून अधिक वर्षें हंसत आलीं आहेत. हा संबंध जुळविणारे गृहस्थ म्हणजे कै. देवल.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजीं सांगलीजवळ हरिपूर येथें झाला. कृष्णा व वारणा यांचा संगम तेथेंच आहे. बेळगांवीं शिकत असतां त्यांस अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक लाभले, आणि आमच्या मतें त्यांच्या आयुष्याची दिशा तेथेंच ठरली. अण्णासाहेबांनीं १८८० सालीं पुण्यास संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणिलें. पुढें हा शिष्य किर्लोस्कर मंडळींत नटांच्या तालमी घेऊं लागला. उच्चार, हावभाव, उभें राहणें, सर्व कांहीं ते शिकवीत. शिक्षकाच्या हाताखालीं तयार झालेला हा शिक्षकच होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्यांनीं नाटकें लिहिलीं तीं सातच. पहिलें ‘दुर्गा’, १८८६ सालचें. त्याचें मूळ टॉमस सदर्न या डब्लिनकडच्या लेखकाचें. पुढें संस्कृतावरून ‘मृच्छकटिक’, शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून ‘झुंझारराव’. मर्फीचें नाटक १७६१ सालचें, आणि त्याचेंही बीज मोलिएर या फ्रेंच लेखकाचें. देवलांनीं १८९३ सालीं त्याचा ‘फाल्गुनराव’ केला. एक तसबीर भलत्याच हातीं पडते, आणि नवरा बायकोचा व बायको नवऱ्याचा संशय घेऊं लागते. पात्रांचीं नांवें तर पाहा : फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती! अर्धें पंचांगच रंगभूमीवर उतरलें. परकी वस्तु इतकी घरची करणें ही सामान्य कला नव्हे.

स्वतंत्र नाटक मात्र एकच, ‘शारदा’, १८९९ सालचें. द्रव्यलोभी कांचनभट आपली लहान मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथास देऊं पाहतो. प्रेक्षक हंसत, आणि हंसतां हंसतां त्यांचा घसा दाटून येई. कारण अशीं लग्नें त्या काळीं सर्वांच्या डोळ्यांदेखत होत होतीं. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९२९ सालच्या ज्या कायद्यानें मुलीच्या विवाहाचें वय निदान चौदा ठरविलें, त्यास शारदा कायदा म्हणत. तें नांव या नाटकावरून नव्हे, तर अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून पडलें. तथापि महाराष्ट्रांत लोकमत तयार करण्याचें काम या नाटकानें तीस वर्षें आधींच आरंभिलें होतें, हें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

अशा खेळांचीं हस्तपत्रकें व पदांचीं पुस्तकें लोकांनीं वाचलीं आणि टाकून दिलीं. हट्ट्याच्या किंवा आसपासच्या एखाद्या घरीं जुन्या ट्रंकेच्या तळाशीं त्यांतलें कांहीं सांपडल्यास पालकांनीं तें रद्दींत घालूं नये. आमच्या शाळेच्या कपाटांत त्यास जागा आहे.

आयुष्याच्या अखेरीस देवलांनीं ‘फाल्गुनराव’ पुन्हां हातीं घेतला व गंधर्व नाटक मंडळीसाठीं त्यांत पदें घालून त्याचा ‘संशयकल्लोळ’ केला. १४ जून १९१६ रोजीं ते वारले. त्याच वर्षीं पुढें नाटक रंगभूमीवर आलें. बालगंधर्व रेवती झाले, गणपतराव बोडस फाल्गुनराव झाले. पाहावयास कर्ता मात्र नव्हता.