सर्वांचे वकील, सर्वांचे काका

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा कार्यकारिणीतील भगिनींनी एखाद्या संत स्त्रीचे चरित्र लिहावे असे सुचविले होते. परंतु मी निवडले ते एका वकिलाचे, पुण्याच्या गणेश वासुदेव जोशी यांचे. महाराष्ट्र त्यांना सार्वजनिक काका या नावाने ओळखतो. महिलांच्या स्मरणिकेत वकिलाचे काय काम, असे कोणाच्या मनात येईल. शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

या नावाची आणि माझी ओळख झाली ती आमच्या ओसरीवर. आमचे मामंजी बीडच्या कोर्टात वकिली करीत. गेवराई, पाटोदा, शिरूर भागांतले पक्षकार भल्या पहाटे निघून येत आणि ओसरीवर बसून राहत. लग्नानंतर माझे अक्षर बरे म्हणून वकीलपत्रावर नावे लिहिण्याचे काम मामंजींनी माझ्याकडे दिले. त्यांचा एक नेम होता. पक्षकार कितीही घाईत असो, वकीलपत्रात काय लिहिले आहे ते त्याला मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय ते त्याचा अंगठा घेत नसत. ज्याच्या वतीने बोलायचे त्याने आधी आपल्याला बोलायला सांगितले पाहिजे, हा वकिलीचा पहिला धडा. आणि तो धडा साऱ्या महाराष्ट्राला सार्वजनिक काकांनी घालून दिला, असे ते नेहमी सांगत.

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म 1828 साली साताऱ्यास झाला. तरुणपणी ते पुण्यास आले, तेथील कोर्टात कारकुनीच्या नोकरीत राहिले आणि पुढे नोकरी सोडून, वकिलीची परीक्षा देऊन वकील झाले. कोर्टाच्या कारकुनाला लोकांची दुःखे वकिलापेक्षाही जवळून दिसतात. कोणाची जमीन कशी गेली, कोणी न वाचता कोठे सही केली, हे सारे त्याच्या टेबलावरून जाते. वकिलीत काकांचा जम चांगला बसला होता. स्वस्थ बसून घरसंसार पाहिला असता, तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

परंतु पुण्याच्या पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांत तक्रार उठली आणि त्यातून एक मोठा प्रश्न पुढे आला. लोकांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडायचे, तर ते मांडणारे आपण कोण? चार शहाणे माणसे एकत्र बसली, त्यांनी अर्ज लिहिला, खाली सह्या केल्या; एवढ्याने तो लोकांचा अर्ज होतो काय? उद्या सरकारने विचारले की तुम्हांला बोलायला कोणी सांगितले, तर उत्तर काय द्यायचे?

काकांनी याचे उत्तर वकिलाच्या पद्धतीने शोधले. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे अधिपती श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तिचे अध्यक्ष झाले आणि काका चिटणीस. या सभेचा नियम असा होता की, सभासद व्हायचे तर निदान पन्नास प्रौढ माणसांचे मुख्त्यारपत्र आणले पाहिजे. म्हणजे हा मनुष्य आमच्या वतीने बोलेल, असे पन्नास जणांनी लिहून दिल्याशिवाय कोणालाही सभेत बसण्याचा अधिकार नव्हता. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी अशी सुमारे सहा हजार माणसे उभी होती. निवडणूक हा शब्दही आपल्या लोकांना नीट ठाऊक नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे. राष्ट्रीय सभेचा जन्म व्हायला अजून पंधरा वर्षे होती.

या नियमाशी माझी लेखणी अडली, ती का ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळातर्फे नळाच्या पाण्याच्या वेळेबद्दल एक अर्ज दिला गेला, तो पुष्कळ भगिनींना आठवत असेल. पाणी रात्री-अपरात्री येई आणि आपली झोपमोड होई. ते सकाळी दहाच्या सुमारास यावे, असे आपण लिहिले. मजकूर माझा होता आणि खाली अकरा सह्या होत्या. वर मात्र या भागातील समस्त महिलांच्या वतीने, असे मी मोठ्या झोकात लिहिले. अर्ज मान्य झाला आणि आपण पेढे वाटले. पुढे एके दिवशी मागच्या गल्लीतील एक बाई दारात येऊन उभी राहिली. ती आणि तिच्या शेजारणी सकाळी सहालाच कामावर जातात. दहा वाजता नळ येतो, तेव्हा त्यांच्या घरी घागर लावायला शाळकरी पोरही नसते. महिनाभर त्या दुसऱ्यांच्या दारी पाणी मागत होत्या. अर्ज देताना आम्हांला कोणी विचारले होते, एवढेच तिला हवे होते. मी तिला आत बोलावले, चहा दिला. परंतु उत्तर काही देता आले नाही. मामंजी तेव्हा हयात नव्हते, आणि तेच बरे झाले असे मला वाटले.

काकांच्या सभेचे वैशिष्ट्य असे की, तिच्या कामाला आधी माहिती लागे आणि मग अर्ज. 1871 साली न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले आणि सभेला त्यांच्या विद्वत्तेची जोड मिळाली. रानड्यांनी विचार करावा, लिहावे आणि काकांनी तो विचार दारोदार न्यावा, अशी ही जोडी होती. शेतसाऱ्याचा प्रश्न असो की सावकारी कर्जाचा, आधी लोकांची स्थिती पाहून यायचे आणि मगच लेखणी उचलायची, अशी शिस्त होती. कोर्टात जाण्याचा खर्च रयतेला झेपत नाही, हे पाहून सभेने लवादाने तंटे मिटविण्याची व्यवस्था केली. भांडण कोर्टात गेले तर वकिलाचा फायदा. ते बाहेरच मिटावे म्हणून एका वकिलानेच खटपट करावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

12 जानेवारी 1872 रोजी काकांनी स्वतः कातलेल्या सुताचेच कापड वापरण्याची शपथ घेतली. गांधीजींच्या चरख्याच्या कितीतरी वर्षे आधीची ही गोष्ट. विलायती कापडाने आपले विणकर बुडाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नुसते व्याख्यान देऊन ते थांबले नाहीत. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असा देशी माल तयार व्हावा व विकला जावा, म्हणून त्यांनी मंडळी जमविली व दुकाने काढली. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीस मोठा दरबार भरला. राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी मढून आले होते. तेथे सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते खादीच्या जाड्याभरड्या पोशाखात. अंगावरच्या कपड्यांनीही त्यांनी रयतेची वकिली केली.

त्याच सुमारास 1876 ते 1878 चा भयंकर दुष्काळ पडला. आपल्या शेजारचे नगर आणि सोलापूर हे जिल्हे त्यात होरपळले. दुष्काळी कामावरील मजुरांचे रोजचे धान्य दीड रत्तलावरून एक रत्तलावर आणले गेले, तेव्हा हजारो मजूर काम सोडून निघून गेले. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून खरी हकीकत मिळविली आणि ती सरकारपुढे पुन्हा पुन्हा मांडली. बीडच्या बायकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आजही आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींजवळ आहेत आणि सुकडीची चव त्या विसरलेल्या नाहीत. मजुरीतले अर्धा रत्तल धान्य कमी होणे म्हणजे काय, हे ज्याला कळले तोच खरा वकील.

आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच मी हे चरित्र निवडले. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी 1871 साली पुण्यात स्त्रीविचारवती सभा काढली. बायकांनी घराबाहेर पडून एकत्र बसावे आणि विचार करावा, यासाठी निघालेली ही सभा आपल्या सर्व महिला मंडळांची थोरली बहीण म्हटली पाहिजे. बायकांना जमविण्यासाठी सरस्वतीबाईंनी निमित्त निवडले ते हळदीकुंकवाचे, आणि ते सर्व जातींच्या स्त्रियांसाठी ठेवले. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात हे करणे सोपे नव्हते. ज्या घरात नवरा साऱ्या प्रजेचे मुख्त्यारपत्र घेऊन बसला होता, त्या घरातील बाईने बायकांना एका सतरंजीवर बसविले. लोकसेवेसाठी घर सोडून जाणारे पुष्कळ झाले. काकांनी लोकसेवाच घरात आणली. म्हणूनच लोकांनी त्यांना रावसाहेब म्हटले नाही, काका म्हटले. काका हे घरातल्या माणसाचे नाव आहे.

घरातले माणूस कठीण वेळी कळते. 1879 साली वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि त्यांच्यावर पुण्यात राजद्रोहाचा खटला उभा राहिला. सरकारचा पुण्यावर रोष होता, आणि फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे विस्तव पदरात घेणे होते. काकांनी ते घेतले. सशस्त्र बंडाचा मार्ग काही त्यांचा नव्हता. त्यांचे सारे आयुष्य अर्ज, सभा आणि कायदा यांत गेले होते. परंतु आरोपीच्या बाजूने बोलायला कोणीच नसावे, हे त्यांच्यातील वकिलाला मानवले नाही. फडक्यांना जन्मठेप झाली. ते एडनला गेले आणि तेथेच 1883 साली त्यांचा अंत झाला. तो दिवस पाहण्यास काका उरले नव्हते. 25 जुलै 1880 रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते हे जग सोडून गेले.

आपला बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. पुढे तर 1929 च्या गश्ती निशाण 53 ने परवानगीवाचून सभा घेण्यालाही आडकाठी केली होती. 17 सप्टेंबर 1948 नंतर आपण मोकळेपणाने एकत्र बसू लागलो. जी गोष्ट इतक्या उशिरा हाती आली, ती आपण कशी वापरतो याचा हिशेब वर्धापनदिनाला द्यावा, असे मला वाटते.

म्हणून यंदाच्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे आणि ते येथे आधीच छापून ठेवते. पहिला असा की, मंडळाने यापुढे कोणताही अर्ज समस्त महिलांच्या नावाने देण्यापूर्वी कार्यकारिणीच्या प्रत्येक सभासदाने निदान दहा घरी स्वतः जाऊन विचारावे, अर्ज वाचून दाखवावा आणि मगच सही अथवा अंगठा घ्यावा. काकांचे पन्नास आपल्याला झेपणार नाहीत, दहा झेपतील. पाण्याच्या वेळेचा अर्जही याच रीतीने नव्याने करावा. पहिली दहा घरे मी मागच्या गल्लीतील घेईन.

दुसरा ठराव हळदीकुंकवाचा. आपले हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालते. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या भागातील कित्येक घरांना कुलूप असते, कारण ती घरे ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या फडावर गेलेली असतात. त्या बायकांना आपण कधी टाळले नाही, पण कधी बोलावलेही नाही. तेव्हा यंदा संक्रांतीबरोबर चैत्रातही हळदीकुंकू करावे. तोवर पुष्कळ जणी परत आलेल्या असतात. कैरीची डाळ आणि पन्हे यांना फार खर्च नाही. आणि त्या दिवशी ज्यांच्या कपाळी कुंकू नाही अशा भगिनींनाही आमंत्रण द्यावे, पहिले फूल त्यांच्या हाती द्यावे.

हे ठराव फेटाळले गेले, तरी माझा राग नाही. फेटाळणाऱ्या भगिनींनी मात्र घरी जाण्यापूर्वी मागच्या गल्लीतून एक फेरी मारावी. माझ्यापाशी मामंजींच्या वकीलपत्राचे काही कोरे कागद अजून आहेत. आता ते कोर्टात चालणार नाहीत, पण पाठीमागची बाजू कोरी आहे. दहा घरांची नावे लिहायला तेवढी पुरेल.