टिळकांचा सातू आणि पायाच्या मुंग्या

शहापूर-मुरबाडकडे लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, १ ऑगस्ट, भातलावणीच्या धामधुमीत येते. शाळांतल्या भाषणांत मंडाले असते, गीतारहस्य असते. टिळकांचा मधुमेह मात्र नसतो.

जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. मुळात प्रकृती किरकोळ. कॉलेजात असताना त्यांनी वर्षभर अभ्यास बाजूला ठेवून तालीम आणि पोहणे केले. ती कमाई पुढे तुरुंगात कामी आली. १९०८ मध्ये राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा वय ५२ च्या उंबरठ्यावर. मंडालेत मधुमेह होताच, आणि खात्रीचे औषध जगात कुठेच नव्हते. त्यांनी गहू-तांदूळ सोडून सातूच्या पिठाचे पथ्य धरले आणि लघवीतील साखर उतरली. (म्हणून आज कोणी सातूच्या भरवशावर गोळ्या सोडू नयेत. त्यांच्यापुढे गोळ्यांचा पर्यायच नव्हता.) त्याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहून झाले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या. १९१४ मध्ये सुटका झाली.

इन्शुलिनशिवाय इतकी वर्षे निभावली, त्याअर्थी हा आजच्या भाषेत टाइप टू मधुमेह असावा. याची खोड अशी की तो बरीच वर्षे दुखत नाही. वाढलेली साखर मज्जातंतूंना इजा करते, शिवाय त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही खराब करते. सर्वांत लांब मज्जातंतू पायाचे, म्हणून सुरुवात बोटांपासून होते. आधी मुंग्या, जळजळ, नंतर बधिरपणा. पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तर जखमेला रक्तही पुरत नाही. अनवाणी चिखलात लावणी करणाऱ्याला मग काटा रुतलेला कळत नाही. ठणका नाही, म्हणून दाखवायला कोणी जात नाही, आणि जखम आत चिघळत राहते. मधुमेह असलेल्याने शेतातून आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे घरच्यांना दाखवावेत. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना आणि नाडी तपासून घ्यावी. बरेच जण फक्त साखर तपासून परततात.

सुटल्यावर टिळकांनी विश्रांती घेतली नाही. १९१६ मध्ये होमरूल लीग, मग विलायतेचा प्रवास, सततचे दौरे. १९२० च्या जुलैत मुंबईत सरदारगृहात ताप आला, न्यूमोनिया झाला. मधुमेहात असा संसर्ग अधिक जड जातो. १ ऑगस्टला, ६४ व्या वर्षी ते गेले. टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्शुलिन टोचले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये, अवघ्या सतरा महिन्यांनी.