जो कायदा व्हावा म्हणून त्या आयुष्यभर झटल्या, त्यालाच विरोध करायला का निघाल्या होत्या एलेनॉर रॅथबोन?

१९४५ सालची गोष्ट. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि ब्रिटनच्या संसदेत एक विधेयक आलं होतं. घरातल्या दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे सरकार आठवड्याला ५ शिलिंग देणार, असं त्यात म्हटलं होतं. घर गोदी कामगाराचं असो की गिरणी मालकाचं, उत्पन्नाची अट नाही.

या भत्त्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या एक खासदार जवळपास तीस वर्षं भांडत होत्या. विधेयक आलं म्हटल्यावर त्यांनी पेढे वाटायला हवे होते. पण हे असंच राहिलं तर मी विरोधात मत देईन, असं त्यांनी सरकारला बजावलं.

कारण काय? तर पैसे बापाच्या नावावर जाणार होते.

या खासदार होत्या एलेनॉर रॅथबोन. आपल्याकडे लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट आहे, लेक लाडकी योजनेला पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागतं. मग प्रश्न येतोच: मर्यादेच्या जेमतेम वर असलेल्या घराने काय करायचं? आणि सगळ्यांनाच पैसे दिले तर श्रीमंतांना फुकट कशाला? हे दोन्ही प्रश्न रॅथबोन यांच्यासमोर शंभर वर्षांपूर्वीच आले होते.

गोदीच्या दारातून सुरुवात

एलेनॉर यांचा जन्म १२ मे १८७२ चा. घर लिव्हरपूलच्या बड्या व्यापाऱ्याचं, वडील विल्यम रॅथबोन खासदार. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात त्या शिकल्या, पण त्या काळी हे विद्यापीठ मुलींना शिकू द्यायचं, पदवी मात्र द्यायचं नाही.

शिक्षण संपवून त्या लिव्हरपूलला परतल्या आणि गोदी कामगारांच्या कामाची पाहणी त्यांनी हाती घेतली. कामगारांनी सकाळी गोदीच्या दारात उभं राहायचं, मुकादमाने निवडलं तर काम, नाहीतर रिकाम्या हाताने घरी. अशा माणसाचं महिन्याचं उत्पन्न किती, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नसे.

१९०९ मध्ये त्या लिव्हरपूलच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. तिथे निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. १९१३ मध्ये त्यांनी शहरातल्या गरीब विधवांवर अहवाल लिहिला. मदत तुटपुंजी आणि त्यासाठी होणारी चौकशी मात्र भरपूर, असं चित्र त्यांना दिसलं.

युद्धाने दाखवलेली वाट

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. आघाडीवर गेलेल्या सैनिकाच्या बायकोला सरकार भत्ता देऊ लागलं. पैसे थेट बाईच्या हातात, आणि जितकी मुलं जास्त तितकी रक्कम जास्त. लिव्हरपूलमध्ये या कुटुंबांना मदत पोहोचवण्याचं काम रॅथबोन बघत होत्या.

त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. पैसे नियमित आणि आईच्या हातात आले की घर सावरतं, मुलांच्या पोटात अन्न जातं. मग हे फक्त युद्धापुरतंच का?

१९२४ मध्ये त्यांनी 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हे पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा साधा आहे. मजुरी ठरवताना मालक कामगाराला मुलं किती हे बघत नाही. एकट्या माणसाला आणि पाच मुलांच्या बापाला पगार सारखाच. वर पुरुषावर घर अवलंबून असतं असं सांगून बाईला त्याच कामाचे कमी पैसे. म्हणून मुलांचा खर्च पगारातून वेगळा काढा आणि तो समाजाने उचलावा.

विरोध सगळीकडून झाला. कामगार संघटनांना भीती होती की भत्ता मिळाला की मालक पगार कापतील. मताधिकाराच्या लढ्यातल्या ज्येष्ठ नेत्या मिलिसेंट फॉसेट यांना वाटायचं की आईबाप जबाबदारी झटकतील.

घरात शिरलेली चौकशी

१९२९ मध्ये रॅथबोन विद्यापीठांच्या मतदारसंघातून अपक्ष खासदार झाल्या. दोनच वर्षांत मंदीने ब्रिटनला गाठलं आणि सरकारने बेरोजगारांच्या मदतीला उत्पन्नाची चाचणी लावली.

ही चाचणी एका माणसाची नव्हती, अख्ख्या घराची होती. अधिकारी घरी येणार, बचत किती, म्हाताऱ्याची पेन्शन किती, मुलगी दुकानात कमावते किती, हे सगळं मोजणार आणि तेवढी बापाची मदत कापणार. नोकरीला लागलेली मुलं घर सोडून जाऊ लागली, कारण त्यांच्या पगारामुळे बापाचे पैसे जात होते. या चाचणीचा राग ब्रिटनच्या कामगार वस्त्यांमध्ये पुढे कित्येक वर्षं धुमसत होता.

उत्पन्नाच्या अटीत आणखी एक गोम होती. बेरोजगाराला मुलांसाठी जादा मदत मिळायची, पण तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्याला मुलांसाठी काहीच नाही. म्हणजे जास्त मुलं असलेल्या माणसाने काम धरलं तर कधी कधी तोटाच. रॅथबोन यांच्या पुस्तकाने मत बदललेल्या विल्यम बेव्हरिज यांनी १९४२ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात नेमकं हेच दाखवून दिलं. मुलांचा भत्ता काम असो वा नसो, दोन्ही वेळी मिळाला पाहिजे, असं त्यांनी मांडलं.

भारताने त्यांना विचारलेला प्रश्न

रॅथबोन यांची एक बाजू भारतीयांना खटकणारी आहे. १९२९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये भारतीय स्त्रियांच्या प्रश्नांवर परिषद भरवली. तिथे धन्वंती रामा राव यांनी उभं राहून आक्षेप घेतला की आमचे प्रश्न आम्ही सोडवू, ब्रिटिश बायकांनी आमच्या वतीने बोलू नये. रॅथबोन १९३२ मध्ये भारतात येऊनही गेल्या आणि बालविवाहावर त्यांनी पुस्तक लिहिलं. गरिबाच्या घरात बाहेरून डोकावून निवाडा करू नये, हे लिव्हरपूलमध्ये कळलेल्या बाईंना भारताच्या बाबतीत ते तितकंसं कळलं नाही.

अखेर पैसे कोणाला मिळाले?

१९४५ च्या त्या विधेयकावर सरकारला नमतं घ्यावं लागलं. खासदारांना मनाप्रमाणे मत द्यायची मुभा मिळाली आणि भत्ता आईच्या नावावर झाला. जूनमध्ये कायदा झाला.

मग श्रीमंतांना फुकट पैसे मिळाले का? पूर्ण नाही. भत्ता सगळ्यांना होता, पण तो करपात्र होता. ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्याकडून त्यातला काही भाग आयकरातून परत जायचा. गरिबाला मात्र कुणाच्या दारात गरिबी सिद्ध करावी लागत नव्हती.

२ जानेवारी १९४६ ला रॅथबोन गेल्या. पहिला भत्ता त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयांच्या हातात पडला. तो बघायला त्या नव्हत्या.

१९७७ पासून या भत्त्याच्या जागी चाइल्ड बेनिफिट आलं आणि पहिल्या मुलालाही पैसे मिळू लागले. पण २०१३ मध्ये ब्रिटनने उत्पन्नाची मर्यादा आणलीच. आईबापांपैकी एकाचं उत्पन्न ५० हजार पौंडांच्या वर गेलं की रक्कम परत घेणं सुरू, ६० हजारांवर सगळीच परत. त्यामुळे एकटी आई ६० हजार कमावत असेल तर तिच्याकडे शून्य उरायचं, आणि नवरा-बायको दोघं मिळून एक लाख कमावत असतील तर त्यांना पूर्ण रक्कम. यावर बरीच ओरड झाली आणि २०२४ मध्ये मर्यादा ६० ते ८० हजारांवर नेली गेली. मोजणी मात्र अजूनही एकाच माणसाच्या उत्पन्नावर होते.

रॅथबोन यांचा उपाय आपल्याकडे जसाच्या तसा चालेल का? अवघड आहे. आयकर भरणारेच इथे थोडे, त्यामुळे सगळ्यांना देऊन श्रीमंतांकडून परत घेण्याची सोय तितकी सोपी नाही. पण त्याच कारणाने उत्पन्नाचा दाखलाही कच्चाच राहतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचं वर्षाचं उत्पन्न नेमकं किती, हे तहसील कार्यालयाला तरी कुठून कळणार? लिव्हरपूलच्या गोदीत रॅथबोन यांना पडलेला प्रश्न हाच होता.